थर्माकोलची गुहा

गुरुवारी कंपनीला सुट्टी असली की निगडीला ज्ञानेशच्या घरी फाशांचा खेळ रंगायचा. गोष्ट ज्ञानेश सांगायचा; गोष्टीत आपण काय करायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. निदान नियम तरी तसा होता.

या खेपेला ज्ञानेशनं पॅकिंगच्या थर्माकोलची अकरा दिवस खपून गुहा केली होती. त्यामुळे खेळणारी दीक्षा गोष्टीत डावीकडे वळली, तर गुहा आली. उजवीकडे वळली, तरी गुहाच आली. वैतागून तिनं नदीत उडी मारली, तर नदीच गुहेत शिरली.

"दादा, आमचं काही चालतं का इथं?"

"सगळी तुझीच मर्जी," ज्ञानेश म्हणाला.

"मग मी घरी जाते." दीक्षा खरोखरच उठली आणि चपला घालून जिना उतरली.

पाच मिनिटांनी तिचा फोन आला. आवाज घुमत होता. "दादा, जिना संपला, पण खाली पार्किंगच नाहीये. भिंती पांढऱ्या आहेत, बोट लावलं की दाणे गळतात."

ज्ञानेशनं वाकून टेबलावरच्या गुहेला डोळा लावला. आत मोबाइलचा टॉर्च हलत होता.

"गुहेच्या तोंडाशी कुणाचा तरी भलामोठा डोळा दिसतोय," दीक्षा कुजबुजली.

ज्ञानेश झटकन मागं सरला, तो पार भिंतीला टेकला.

"अजून बघतोय," दीक्षा म्हणाली.