निशाणवाल्याची पाठ

सहा नंबरचा घोडा वळणावर अडखळला, गुडघ्यांवर आला आणि स्वार त्याच्या मानेवरून पुढं फेकला गेला. मागच्या दोन घोड्यांनी त्याला ओलांडलं. तिसऱ्याला ते जमलं नाही.

शर्यतीमागं आतल्या रस्त्यानं धावणारी ॲम्ब्युलन्स हरिदासनं कचकन थांबवली. डॉक्टर मैत्रेयी कुंपणाखालून वाकून मैदानात शिरली. आठवडाभर नोएडात हॉस्पिटल आणि शर्यतीच्या दिवशी दिल्लीच्या रेसकोर्सवर ही ड्यूटी, असा तिचा शिरस्ता. आजवर इथं तिनं खरचटलेले कोपर आणि निखळलेले खांदेच पाहिले होते.

पडलेला पोरगा युवराज होता. शुद्धीवर होता. हेल्मेट काढायचं नाही, मान धरून ठेवायची, उचलायची घाई करायची नाही. सगळं तिला पाठ होतं. पण शर्यत दोन फेऱ्यांची होती. गेलेले घोडे फिरून याच वळणावर येणार होते.

त्यासाठीच संपतराव होते. घोडदळातून रिटायर झालेला हा माणूस वळणावर निशाण घेऊन उभा असे. कोणी पडलं की त्यानं पडलेल्याच्या पुढं जायचं, घोडे येतात तिकडं तोंड करायचं, शिट्टी फुंकत पिवळं निशाण हलवायचं आणि शेवटचा घोडा निघून जाईपर्यंत मागं बघायचं नाही. बघितलं की हात ढिला पडतो, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं.

मैदानाचे कायदेही त्यांनीच शिकवलेले. ज्याचं रक्ताचं माणूस शर्यतीत, त्याला मैदानात ड्यूटी नाही. पैजांचा मामला, उगाच संशय नको.

"माझ्या तर माहेरचं मांजरसुद्धा घोड्यावर बसायचं नाही," असं म्हणून तिनं डब्यातला लाडू पुढं केला होता. संपतराव हसले, पण लाडू घेतला नाही. शर्यतीच्या दिवशी त्यांचा उपवास. जॉकी पोरं वजनापायी उपाशी राहतात, तुम्ही कशापायी, असं तिनं विचारलं तर म्हणाले, मारुतीपायी. मारुतीला शनिवार पुरत नाही का, हे तिनं मनातच ठेवलं.

युवराजही संपतरावांसारखाच साताऱ्याकडचा. एकाच मुलखातले दोघे, पण एकमेकांना साधा रामराम नाही. भावकीतलं काही असेल, असं तिनं धरलं होतं.

आता पोरगा गवतात आडवा होता आणि निशाणवाल्याची नुसती पाठ दिसत होती.

"संपतराव, इकडं या. फळीवर घ्यायला तिसरा माणूस हवाय मला."

"घोडे येतायत."

"एकदा वळून तरी बघा. माणूस आहात की दगड?"

शिट्टी वाजली.

युवराजचे ओठ हलले. "वळू नका."

"मी कुठं वळतेय? तूच मान हलवू नकोस, राजा."

"आईला सांगू नका."

"नाही सांगत." एका हातानं त्याच्या मानेला आधार देऊन हरिदासला तिनं बूट दाबायला सांगितला. "पायाला हात लागतोय का रे?"

"कुणाच्या?" युवराजनं विचारलं.

शिट्टी मध्येच तुटली. मग पहिल्यापेक्षा जोरात वाजली.

जमीन थरथरू लागली. मैत्रेयीनं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्यावर ओणवी झाली. याहून जास्त काही तिच्या हातात नव्हतं. हरिदास डोळे मिटून राम राम पुटपुटत होता. घोडे निशाणापाशी फाकले आणि बाहेरच्या अंगानं निघून गेले. तिच्या पाठीवर मातीची ढेकळं पडली. सगळ्यांच्या मागून रिकाम्या खोगिराचा सहा नंबर आला, बिथरलेला, सरळ रोखानं. संपतराव हात पसरून जागेवरच उभे राहिले. अगदी अंगावर आल्यावर तो वळला.

मग सामसूम झाली. दुसरी ॲम्ब्युलन्स आली, माणसं आली, पोराला अलगद फळीवर घेतलं. संपतराव अजून तसेच, रिकाम्या मैदानाकडं तोंड करून.

वॉकीटॉकीवर कंट्रोलनं विचारलं, पेशंटच्या घरचं कोणी आहे का, कुणाला कळवायचं. तिनं युवराजला विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. श्वास पुरत नव्हता, तरी मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. "दिल्लीत माझं कोणी नाही."

तेव्हा संपतराव वळले. निशाण त्यांनी कुंपणाला टेकवून ठेवलं, दंडावरची ड्यूटीची पट्टी सोडली आणि तिच्या हातात दिली.

"कंट्रोलला सांगा, डॉक्टरताई. सहा नंबरचा बाप मैदानातच आहे. निशाणाला दुसरा माणूस पाठवा."