सुजाताच्या भावाचं पांढरं कार्ड

नळीमागच्या कागदावर सहा काळ्या रेघा होत्या. रक्तात सिकलसेलचा दोष नसेल, तर नळीतल्या पाण्यातून त्या दिसत राहतात. असेल, तर पाणी धुरकट होतं आणि रेघा हरवतात. कांताबाईंनी त्या पाचव्यांदा मोजल्या.

“शिबिरात बिनदोषाचं पांढरं कार्ड भेटलं ना याले. पुन्हा काहून टोचता, मॅडम?”

“मावशी, तुमची सुजाता याच आजारानं गेली,” दवाखान्यातली लॅबवाली मैत्रेयी म्हणाली. “म्हणून भावाच्या पांढऱ्या कार्डावर मला भरवसा नाही. तपासणीचं औषध जुनं असलं, तरी रेघा दिसतात.”

बोंडअळीतून वाचलेला कापूस गावी, बोरी अरबला, शेतात उभा होता. वेचणी सोडून कांताबाई आल्या होत्या, कारण मुलाचं, अश्वजितचं, लग्न दोन वर्षं अडलं होतं. त्यानं मुलगी पाहिली होती. तिचं कार्ड पिवळं, म्हणजे अर्धा दोष, एवढंच तो सांगे. नाव विचारलं की म्हणे, “ते हो म्हनू दे, मंग सांगतो.” त्यांच्यात पत्रिका कोणी पाहत नसे. कार्डं मात्र जुळवून पाहत.

मैत्रेयीनं त्याचं बोट धरलं. तो लाल झाला.

“नांगर धरतो अन् सुईले भेतो!” कांताबाई हसल्या.

मैत्रेयीनं थेंब टाकला, घड्याळ लावलं. पडताळ्याला शेजारी दोन नळ्या ठेवल्या, एक निर्दोष रक्ताची, एक दोषाची. कांताबाईंना कौतुक वाटलं. शिबिरात घड्याळाकडे कोणी पाहिलंही नव्हतं.

पाच मिनिटांत रेघा हरवल्या.

“त्याला कधी त्रास नाही, म्हणजे पिवळंच असणार. पक्का रिपोर्ट आठ दिवसांनी येईल,” मैत्रेयी हळू म्हणाली. “दोघं पिवळी असली, तर प्रत्येक बाळाला पूर्ण आजाराचा धोका चारात एक.”

कांताबाई बाकावर बसल्या. “माही सुजाता बारा वर्सं हाडं धरून रडली. पुन्हा नाही पाहवत मले. त्या पोरीले तुमीच सांगा, मॅडम, नाद सोड म्हना. तुमचं ऐकन ते.”

“तपासणी धोका सांगते, मावशी. लग्न करावं की नाही, ते सांगत नाही.”

“मंग सांगन कोन?”

मैत्रेयीनं हातमोजे काढले, साबणानं हात धुतले, पुसले आणि कांताबाईंसमोर येऊन बसली.

“ते पिवळं कार्ड माझंच आहे, आई. मी लग्न करीन. आम्ही मूल दत्तक घेऊ.”