साहेबांचं दालन

साहेब, चोरी तुम्ही केलीत आणि दिवसातून सहा वेळा ती झाकायचं काम मला करावं लागतं. आता दमले मी.

गुहेत माणसं फिरवणं ही माझी नोकरी. शेवटच्या दालनात शिरायला वीतभर रुंदीची एकच फट आहे. तिच्यातून सगळ्यांत आधी सरपटत गेले माझे वडील, दातांत बॅटरी धरून. पलीकडे पाय पसरता आले तेव्हा तोंडून जे निघालं, तेच नाव त्यांनी त्या जागेला ठेवलं: हुश्श. नकाशावर मात्र दालन तुमच्या नावानं लागलं. मी तीनदा अर्ज केला, तुमच्या कचेरीनं तीनदा लिहिलं, 'पुरावा जोडा.' तोवर वडिलांनी अंथरूण धरलं.

काल काडीसारख्या एक काकू त्या फटीतून निघाल्या, भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "हुश्श."

मी पाठ केलेलं बोलले. "हे साहेबांचं दालन. त्यांनीच शोधलं."

"तिकीट खिडकीवर फोटो आहे ते?"

"हो. दालन सापडलं त्याच दिवशीचा फोटो."

काकूंनी मागे वळून फटीकडे पाहिलं. "अगं, माझ्या बरगड्या सोलून निघाल्या. तो ढेरपोट्या आत आला कुठून?"

अकरा वर्षं मी नुसतीच पोपटपंची करत होते.

तर हा माझा चौथा अर्ज. पुरावा म्हणून ती फट धरा, ती जागेवरच आहे. साहेब, तुम्ही आत आलात कुठून? वडील आहेत तोवर कळवा.