आमेनपर्यंत

ईस्टरच्या आदल्या दिवशी आईने ऐरोलीच्या घरातले पडदे धुतले, मटण मुरवत ठेवलं आणि रूथला बजावलं, "उद्या पप्पांची प्रार्थना लांबली तर घड्याळाकडे बघत बसू नकोस गं. आमेनपर्यंत डोळे मिटलेले हवेत."

सकाळी प्रार्थना लांबलीच. आमेन झालं तेव्हा आई भिंतीला टेकलेली होती, आणि गेलेली होती.

"भाग्याची बाई! ईस्टरला, प्रार्थनेत गेली," लोक म्हणाले. पप्पा वर्षभर येईल त्याला सांगत राहिले, "सगळ्यांचे डोळे मिटलेले. कुणाला कळलंच नाही हो."

यंदाही सण घरीच, साधा. शांतवनकाका म्हणाले, "दादा, श्रद्धा असावी तर तुझ्यासारखी." पप्पांनी बायबल बाजूला ठेवून हात जोडले. "चला, डोळे मिटा."

रूथने मिटले नाहीत.

"पप्पा, आईने छाती धरली तेव्हा तुम्ही डोळे उघडून तिच्याकडे पाहिलंत, पुन्हा मिटलेत आणि अजून मोठ्याने प्रार्थना चालू ठेवलीत. मला माहीत आहे. माझेही उघडेच होते."