सोयीचं जू

"दोन गोल, एक फुली," तपासनीस म्हणाला आणि तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. सलग विसाव्या दिवशी तेच.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. मुख्याध्यापिका असताना ज्या नजरेनं त्या अख्खा वर्ग गार करायच्या, ती त्यांनी ग्रीकच्या मास्तरांवर रोखली.

"माझ्याकडे काय बघता?" मास्तर म्हणाले. "मी गोलच काढलाय."

"मग फुली काय उंदरानं मारली?"

एका शुभवर्तमानाच्या नव्या भाषांतराला सात वर्षं लागली होती, आणि गाडं अडलं होतं शेवटच्या एका शब्दावर. येशू म्हणतो, माझं जू अमुक आहे आणि माझं ओझं हलकं आहे. त्या 'अमुक'च्या जागी मूळ ग्रीकमध्ये 'ख्रेस्तोस' आहे. मसुद्यात 'सोयीचं' लिहिलं होतं.

भाषांतर समितीत हे तिघंच, आणि नियम कडक. मत गुप्त, म्हणून चिठ्ठीवर अक्षर नाही: मान्य असेल तर गोल, नसेल तर फुली. तिघांचं एकमत झाल्याशिवाय शब्द पक्का नाही. आणि शब्द पक्का होईपर्यंत, समिती उतरली होती त्या विश्रामगृहाच्या फाटकाबाहेर पाऊल नाही. मागे एक सभासद केस कापायला म्हणून बाहेर गेला होता, तो न्हाव्याचं मत घेऊन परतला. तेव्हापासून फाटकाला कुलूप. मध्येच कुणी उठून गेलं तर सात वर्षांचं काम रद्द, नवी समिती, पहिल्या ओळीपासून श्रीगणेशा.

"मास्तर, दिवसभर 'सोयीचं'च्या नावानं बोटं मोडता आणि म्हणता गोल काढला!" तपासनीस म्हणाला. "आमच्या तोंडाला काय पानं पुसता?"

"वाद घालणं ही माझी सवय आहे. मत वेगळं." आणि लगेच मास्तर सुरू झाले. "पण खरं सांगा, ख्रेस्तोस म्हणजे सोयीचं? हाच शब्द मुरलेल्या द्राक्षारसाला लावलाय, हाच देवाच्या दयाळूपणाला. सोयीचं म्हणजे कसं, दुकान घराजवळ असलं की सोयीचं! चांगला सुतार जू घडवताना आधी बैलाची मान मापतो. मानेला बसणारं, मान न सोलणारं, असं काहीतरी..."

"बघा," बाई म्हणाल्या. "ही बघा फुली बोलतेय."

तपासनीसानं कपाळावर हात मारला. बिचारा पहिल्या दिवसापासून घरी जायला टपलेला. भाषेची तपासणी एवढंच त्याचं काम, ते केव्हाच संपलं होतं. रोज सकाळी बॅग भरून तो दाराशी ठेवायचा आणि रोज संध्याकाळी, सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकून, परत आत न्यायचा.

फोन एकच, व्हरांड्यात. चिठ्ठ्या मोजून झाल्या की तपासनीसाच्या बायकोचा फोन ठरलेला.

"आज तरी सुटलात का?"

"कसला सुटतोय! म्हातारा ऐकतच नाही."

"इकडे आई आलीय. दादाही आलाय, वहिनी आणि जुळ्यांना घेऊन. वर्षभर तरी राहू म्हणतात."

"राहू देत गं. मी काय करू? इथं कोंडून घातलंय मला. भिंती खायला उठतात."

बुधवारी मास्तरांना पत्र आलं. धाकट्या बहिणीचं, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं. तिला दिसेनासं झालं होतं. शुक्रवारी सकाळी डोळ्यांचं ऑपरेशन. 'दादा, मला भीती वाटते. तू हात धरलास तरच मी टेबलावर झोपेन. नाहीतर आहे तशीच राहीन.'

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. ग्रीकचा जाडजूड कोश मिटला. त्या दिवशी ते चहा पितानाही वाद घालेनात, तेव्हा बाईंना काळजी वाटली.

गुरुवारी चार वाजता मास्तर उभे राहिले. "गुप्त मताचा नियम मी मोडतोय. काय दंड करायचा तो करा." सगळ्यांदेखत त्यांनी चिठ्ठीवर भलामोठा गोल काढला. "सोयीचं तर सोयीचं. मला घरी जाऊ द्या."

बाईंचे डोळे पाणावले. "मास्तर, आधीच हो म्हणायचं होतंत!"

"वीस दिवस तेच सांगतोय, बाई."

तीन चिठ्ठ्या डब्यात पडल्या. तपासनीसानं डबा हलवला, उपडा केला, एकेक उलगडली.

दोन गोल. एक फुली.

बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या पुन्हा उलटसुलट करून पाहिल्या. मग मास्तर हळूच बाईंकडे वळले.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही?"

"मी?" बाई ताडकन उठल्या. "'सोयीचं' हा शब्द मी सुचवला! माझ्याच शब्दाला मी फुली मारीन?"

"मग कोण? हा बिचारा? हा तर बॅग भरून बसलाय!"

"तुम्हीच काहीतरी हातचलाखी केलीत!"

"माझी बहीण आंधळी होईल हो!" मास्तर ओरडले.

तपासनीसानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पाणी दिलं. "धीर धरा, मास्तर," तो म्हणाला. "उद्या बघू."

तेवढ्यात फोन वाजला.

"सुटलात का?" पलीकडे जुळ्यांनी एकाच वेळी भोकाड पसरलं होतं. सासूबाई कुणावर तरी डाफरत होत्या.

"नाही गं," तो म्हणाला. "मास्तर वळले, तर आता बाई अडून बसल्यात."

त्यानं दाराशी ठेवलेली बॅग उचलली, भला थोरला सुस्कारा टाकला आणि खोलीत येऊन कडी लावली. आत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पलंगावर पाय पसरून त्यानं उद्याची चिठ्ठी काढली आणि तिच्यावर, रोजच्यासारखीच, एक फुली मारून ठेवली.