कठड्यावरचे खडे

कल्याणजवळ नदीकाठच्या ट्रॅकवर आम्ही फेऱ्या खड्यांनी मोजायचो. एक फेरी झाली की कठड्यावर एक खडा. डावीकडे माझ्या नवऱ्याची, धनेशची रांग, उजवीकडे माझी.

धनेशच्या अस्थी याच नदीत सोडल्या; परवा त्याचं तेरावं झालं. आज मी एकटीच आले. रडू येत नव्हतं. पाय चालत होते, इतकंच.

पहिली फेरी झाल्यावर उजवीकडे खडा ठेवला. दुसरी संपवून आले, तर डावीकडेही एक होता. ओला. बाकी कठडा उन्हाने तापलेला. मी माझा दुसरा ठेवला आणि पुढे निघाले.

तिसऱ्या फेरीनंतर डावीकडे दोन झालेले. माझा तिसरा ठेवून मी झाडू मारणाऱ्या सगुणाताईंना विचारलं, "इथे कोणी आलेलं का?"

"नाय ओ वहिनी, मी हितंच हाय. साहेब मागं राहिले काय आज?"

मी वाकून पुढच्या फेरीचा खडा उचलला.

चौथ्या फेरीचा खडा ठेवायचाच नाही, असं ठरवलं. तो मुठीत घट्ट धरूनच कठड्यापाशी आले.

डावीकडे तीन होते.

उजवीकडे, माझ्या रांगेत, चार. चौथ्यातून पाणी ठिबकत होतं.