बाटलीवरचं नाव

मधाच्या पेट्या उघडायच्या म्हटलं की जावई ट्रकमध्ये जाऊन बसतो, हे झेल्मा लेडफर्ड अख्ख्या दरीला सांगत आली होती. चर्चच्या जेवणात सांगे, बाजारात मधाच्या बरण्या मांडता मांडता सांगे.

"दार अर्धं उघडं, एक पाय बाहेर, इंजिन चालू. पेट्रोल काय फुकट मिळतं? माशी दिसली की पळायच्या तयारीत."

बायका हसत. जावई गार्लंडही हसे. दंशावरची तातडीची सुई त्याच्या खिशात कायम असे. खिसा थोपटून तो म्हणे, "जीव प्यारा आहे, मम्मा."

गेल्या उन्हाळ्यापासून महिन्यातून एकदा त्याचा ट्रक अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यासमोर उभा राही. झेल्मा सोबत असे. "एकट्याला सोडलं तर सुई बघून डोंगर ओलांडेल," ती सांगे. लोकांना पटे. उघड्या हातांनी मध काढण्यात तिचा जन्म गेला होता. हल्ली भर जुलैत ती मनगटापर्यंत बटणं लावून फिरे, पण वय झालं की माणसाला कशाचीही हुडहुडी भरते.

घोळ केला तो बिलानं. ते नेमकं तिच्या मुलाच्या, रॉइसच्या हाती पडलं. मधमाशीच्या विषाची लस, आणि रुग्णाचं नाव झेल्मा लेडफर्ड.

रॉइसनं पेट्यांसाठी टेनेसीतलं गिऱ्हाईक केव्हाच हेरून ठेवलं होतं. "तुला माश्या बाधायला लागल्या असतील मा, तर पेट्या याच आठवड्यात विकायच्या. एक दिवस माळावर पडलेली सापडशील. मला ते बघायचं नाही."

"माझं बिल आहे ते," गार्लंड म्हणाला. "पत्ता मम्माचा दिलाय, म्हणून नावंही उलटीसुलटी केली त्यांनी."

"मला विकायला निघालास की पेट्या?" झेल्मा मुलावर कडाडली. "चार यत्ता शिकलेय मी, पण स्वतःचं नाव वाचता येतं. चल, दवाखान्यातल्या बिलवाल्या बाईलाच विचारू."

"चल. मीही येतो," रॉइस म्हणाला.

डोंगरावर सावरवूडची झाडं पांढरीशुभ्र फुलली होती. त्या मधासाठी लोक तीन-तीन परगण्यांतून येत. शनिवारी पेट्या उघडाव्याच लागणार होत्या.

दवाखान्यात बिलं करणारी टोनिया काचेमागे बसली होती. तिघं काचेपुढच्या खुर्च्यांवर बसली. झेल्मानं बिल तिच्यापुढे आपटलं. टोनियानं शांतपणे त्यावर बोट ठेवलं.

"हा कोड एकाच जातीच्या माशीच्या विषाचा. गांधीलमाशीही असती तर वेगळा लागला असता. हा दुसरा नुसतं टोचण्याचा. दोन्ही बरोबर आहेत, मॅम."

"आकडे तुझे तुला लखलाभ. नावाचं बोल."

टोनियानं रॉइसकडे पाहिलं. "कोण काय घेतं ते मी चारचौघांत सांगत नाही. ज्याची बाटली त्यानं सांगावं."

"माझी," गार्लंड म्हणाला. "नाव बदला."

"बदलते. पण औषधाची बाटली माणसागणिक वेगळी असते. बाटलीवर जे नाव, तेच बिलावर. ते चुकलं असेल तर ही बाटली फेकायची, पुन्हा तपासणी, पुन्हा पहिल्या थेंबापासून सुरुवात. आज सुई नाही."

"फेका की," रॉइस म्हणाला. "याचं काय अडतंय? हा तसाही ट्रकमध्येच बसतो."

 गार्लंड टोपी हातात फिरवत राहिला. झेल्मानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"फेकू नका," तो हळूच म्हणाला.

"का रे?" रॉइसनं विचारलं. "फेकली तर काय होईल?"

 आतलं दार उघडून नर्स उंबऱ्यात उभी राहिली होती. तिनंही कुणाचं नाव घेतलं नाही. वाट पाहत राहिली.

झेल्मानं आपली पर्स रॉइसच्या मांडीवर ठेवली. उठली. चार पावलं चालून तिनं मनगटाचं बटण काढलं.

"मागच्या वेळी डावा होता, मिस झेल्मा," नर्स म्हणाली. "आज उजवा."

रॉइसच्या मांडीवरून पर्स घसरली. झेल्मा दारातच वळली, पण त्याच्याकडे नाही.

"गार्लंड, माझी सुई स्वतःच्या खिशात घेऊन फिरणारा इतका लबाड भित्रा मी जन्मात पाहिला नाही. शनिवारी पेट्या तू उघडायच्या. ट्रकमध्ये मी बसते, आणि इंजिन बंद ठेवते."